बाईंची तारीख

पोटाला पट्टे बांधले की वीस मिनिटं कुशीवरून हलायचं नाही, असं वनमाला सिस्टरने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि मुलुंडच्या त्या नर्सिंग होममध्ये सिस्टरचा शब्द डॉक्टरांच्याही वरचा होता. त्यामुळे अस्मिता डाव्या कुशीवर गुपचूप पडून होती. पोटावर दोन पट्टे, त्यांना दोन वायरी, हातात एक बटण. बाळ हललं की बटण दाबायचं. मशीनमधून बाळाच्या ठोक्यांचा टपटप आवाज येत होता आणि कागदाची पट्टी इंचाइंचाने बाहेर सरकत होती. समोर हिरवट भिंत, पाठीशी स्टुलावर सासूबाई. वळून बघायची सोय नव्हती, पण त्या तिथे बसल्या आहेत हे न वळताही कळत होतं.

"हललं का?" वसुधाबाईंनी विचारलं.

"हो, आई."

"मग दाब ना बटण. झोपू नकोस."

तिने बटण दाबलं. गेले तीन आठवडे हे असंच चाललं होतं. सोनोग्राफीत बाळाची वाढ कमी दिसली म्हणून आठवड्यातून दोनदा हे पट्टे, घरी पूर्ण आराम, सकाळी खजूर, दुपारी नाचणीसत्त्व, संध्याकाळी उकडलेलं अंडं. अंडं म्हणजे त्या घरातली क्रांतीच, कारण वसुधाबाईंच्या स्वयंपाकघरात त्याआधी अंड्याचं टरफलसुद्धा शिरलं नव्हतं. नातवंडासाठी त्यांनी वेगळं पातेलं आणलं आणि नाकाला पदर लावून स्वतः अंडी उकडली. अशा बाईला वाईट कसं म्हणायचं? अस्मिताची हीच तर पंचाईत होती. सासू खाष्ट असती तर काम सोपं झालं असतं.

वसुधाबाईंनी मुलुंडमधल्याच एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं होतं. डॉक्टर गंधाली त्यांची विद्यार्थिनी, दहावीला गणितात पैकीच्या पैकी. आता ती पंचेचाळिशीची, नर्सिंग होमची मालकीण, पण बाई आत आल्या की अजून खुर्चीतून उठून उभी राहायची. पेशंट अस्मिता, पोट अस्मिताचं, पण डॉक्टर बोलायची ती बाईंशी. गोळ्या कशा घ्यायच्या ते बाईंना सांगायची, रिपोर्ट बाईंच्या फोनवर पाठवायची, पुढची वेळ बाईंच्या सोयीने ठरवायची. अस्मिता दोघींच्या मध्ये पडलेली असायची, तपासायला दिलेल्या वहीसारखी.

दार उघडून डॉक्टर आत आली. हातात सकाळच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. तिने कागदाची पट्टी बोटांतून सरकवून पाहिली आणि बाईंकडे वळली.

"ठोके छान आहेत, बाई. बाळ वाढतंय, पण मागचं अंतर काही भरून निघत नाहीये. आज सदतीस आठवडे पूर्ण झाले ना, तरी ते पस्तिसाचंच दिसतंय. मला आता जास्त थांबायचं नाही. आत पुरेसं वाढत नसेल तर बाहेर काढून वाढवू. उद्या सकाळी सिझर करूया. हिला आजच ॲडमिट करूया."

"उद्या दहा ते अकरा चांगली वेळ आहे," वसुधाबाई लगेच म्हणाल्या. गणिताच्या बाई, पण पंचांगही तोंडपाठ. "त्यात बसतंय का बघ."

"बसवू ना, बाई."

"डॉक्टर, मला जरा..." अस्मिता भिंतीकडे बघतच म्हणाली.

"घाबरू नकोस गं. अर्ध्या तासाचं काम असतं." डॉक्टरने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि बाईंना घेऊन ती बाहेर गेली. पट्ट्यांची अजून अकरा मिनिटं बाकी होती.

बाळ लहान नव्हतं. बाळ कोवळं होतं. त्याला अजून वेळच झाला नव्हता, आणि हे साऱ्या नर्सिंग होममध्ये फक्त अस्मिताला आणि खाली गाडी लावायला गेलेल्या तिच्या नवऱ्याला, मिहिरला, ठाऊक होतं. फाईलवरची तारीख खोटी होती.

झालं होतं असं. वसुधाबाईंच्या स्वयंपाकघरात दाराआड कॅलेंडर टांगलेलं, आणि घरात सून आल्यापासून त्यावर दर महिन्याला पेन्सिलीचा एक बारीक ठिपका पडायचा. सुनेची पाळीची तारीख. सणवार ठरवायला बरं पडतं, असं त्या म्हणत. गेल्या ऑगस्टमध्ये लग्नानंतरच्या पहिल्याच गौरी होत्या. श्रावणात महिनाभर माहेरी, कांदिवलीला राहून सून परत आली तशी त्यांनी विचारलं, "तुझी कधी आहे गं? गौरीत यायची असेल तर गोळ्या घे, पुढे ढकल." त्या गोळ्यांनी साखरपुड्याच्या वेळी अस्मिताला तीन दिवस उलट्या झाल्या होत्या. पुन्हा ते नको, म्हणून ती पटकन बोलून गेली, "झाली ना, आई. या वेळी जरा लांबली, माहेरी होते तेव्हाच आली, एकोणीसला." ठिपका पडला. तिच्या हिशेबाने पाळी गौरी गेल्यावर येणार होती, मग कोणाला काय कळतंय?

पाळी आली ती एकतीस ऑगस्टला, सकाळी सात वाजता, नेमकी गौरी आवाहनाच्या दिवशी. नवी सून म्हणून गौर उंबऱ्यातून आत आणायचा मान तिचा. हॉलमध्ये शेजारणी जमल्या होत्या, दारापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढून झाली होती. अस्मिताने बाथरूमच्या फटीतून मिहिरला हाक मारली. त्याने भाजीच्या पिशवीतून हवं ते आणून दिलं आणि कुजबुजला, "आता गप्प बस यार. आईला कळलं तर वाट लागेल. कोण बघायला येतंय?" तिने आंघोळ केली, साडी नेसली, मुखवटा हातात घेतला आणि गौर घरात आणली. दुसऱ्या दिवशी पुरण वाटलं, सोळा भाज्या चिरल्या. वसुधाबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "माझ्या सुनेच्या हाताला चव आहे."

पुढे सोळा सप्टेंबर उलटला. कॅलेंडरवर नवा ठिपका पडेना, आणि वसुधाबाई गालातल्या गालात हसू लागल्या. अस्मिता मनात म्हणत होती, खरी तारीख अजून बारा दिवसांवर आहे, तेव्हा येईल आणि सगळं मिटेल. ती आलीच नाही. दिवस खरंच राहिले होते.

पहिल्या तपासणीला डॉक्टरने विचारलं, "शेवटची पाळी कधी?" अस्मिताने तोंड उघडायच्या आत सासूबाईंनी फोनमधला कॅलेंडरचा फोटो पुढे केला. "एकोणीस ऑगस्ट. माझ्या हातची नोंद आहे." सुरुवातीचे महिने बाळाला मशीनखाली न्यायचं नाही ही अटही बाईंचीच, म्हणून पहिली सोनोग्राफी झाली ती थेट पाचव्या महिन्यात. त्यात बाळ दहा-बारा दिवस मागे दिसलं. "तारीख नक्की ना?" डॉक्टरने विचारलं आणि मग स्वतःच हसली. "बाईंची नोंद, ती कशी चुकेल." अस्मिता गप्प राहिली. तिला वाटलं, एवढं मोठं मशीन आहे, त्याला आपोआप कळेल. ही अस्मिता घाटकोपरला विम्याच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या कागदांवरच्या तारखा तपासायची, एका दिवसाचा फरक दिसला तरी कागद परत पाठवायची. तिने असं समजावं म्हणजे कमाल होती. पण भीतीपुढे अक्कल चालत नाही.

आणि भीतीला कारण होतं. बिल्डिंगमधल्या प्रेमाताईंच्या सुनेचं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा वसुधाबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या होत्या, "हल्ली शिवताशिवत पाळत नाहीत कोणी. गौर कडक असते, ती बघते." म्हणणारी विसरून गेली, ऐकणारीच्या ते पोटात राहिलं. बाळाची वाढ कमी आहे असं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अस्मिताला दोन दिवस खरंच वाटलं की गौरीनेच धरलंय. मग तिने बोटांवर मोजलं. बारा दिवस, बरोबर बारा. कोणी धरलेलं नव्हतं, तिनेच तोंड धरून ठेवलं होतं. आता सांगावं तर घरात राहणं मुश्कील, न सांगावं तर रोज खजूर, अंडं आणि पट्टे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पण सिझरपर्यंत गोष्ट जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

वीस मिनिटं झाली. सिस्टरने पट्टे सोडले. अस्मिता पोट सावरत कॉरिडॉरमध्ये आली, तर मिहिर पाण्याच्या कूलरपाशी उभा होता.

"उद्या सिझर आहे," ती म्हणाली.

"हो, आईने फोन केला ना आत्ता. चला, सुटलो एकदाचे."

"मिहिर, बाळ पस्तीस आठवड्यांचं आहे."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल ना. सदतीस काय, पस्तीस काय, दोन आठवड्यांनी काय बिघडतं? हल्ली सगळी वाचतात."

"वाचतात. काचेच्या पेटीत ठेवून, नळ्या लावून वाचवतात. ज्याला गरज असते त्याला. आपल्याला कसली गरज आहे? आपलं चांगलं आहे पोटात."

"मग काय करू म्हणतेस?"

"डॉक्टरला एकटं गाठून सांग. आईंना नको सांगू. फक्त तिला सांग."

त्याने केसांतून हात फिरवला, गेला, केबिनच्या दारापर्यंत पोचला. दाराच्या काचेतून त्याने आत पाहिलं आणि तसाच परत आला. "आई आत बसलीये गं. चहा पितायत दोघी."

"मग?"

"मग कसं सांगू? तूच बघ ना काहीतरी. तुला जमतं असलं."

तिला काय जमत होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात सिस्टरने हाक मारली, खोली तयार आहे. अस्मिता त्या खोलीत गेली आणि पलंगावर टेकली. खिडकीला जाळी होती. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि पोटात बाळ मजेत हातपाय ताणत होतं, त्या बिचाऱ्याला पंचांगाची काही कल्पना नव्हती. तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. इतक्या माणसांनी इतकी काळजी घ्यावी आणि त्या काळजीतून बाहेर पडायला एक दार नसावं.

थोड्या वेळाने डॉक्टर, वसुधाबाई आणि मागोमाग मिहिर आत आले. डॉक्टरच्या हातात संमतीचा कागद होता. तो तिने अर्थातच बाईंना दिला. वसुधाबाईंनी चष्मा लावला आणि पेपर तपासावा तसा तो वाचला. "नाव बरोबर. वय बरोबर. शेवटची पाळी एकोणीस ऑगस्ट, बरोबर. सदतीस आठवडे पूर्ण." त्यांनी कागद अस्मिताच्या मांडीवर ठेवला, पेन उघडून हातात दिलं. "इथे सही कर."

पेन हातात होतं. अस्मिताने विचारलं, "डॉक्टर, बाळाला पेटीत ठेवायला लागेल?"

"नाही गं, बहुतेक नाही. सदतीस पूर्ण आहेत. त्याआधीचं असतं ना, तर फुफ्फुसं तयार नसतात, आईला आधी इंजेक्शनं द्यावी लागतात. तुला त्याची गरज नाही म्हणून दिलीच नाहीत."

मिहिर मोबाईलमध्ये बघत होता. अस्मिता त्याच्याकडे बघत राहिली, की आता तरी हा वर बघेल. त्याने बघितलं नाही. तिने पेनचं टोपण लावलं.

"ही तारीख खोटी आहे," ती म्हणाली.

"कुठली? उद्याची?"

"एकोणीस ऑगस्ट. मी आईंना खोटं सांगितलं होतं. खरी तारीख एकतीस ऑगस्ट आहे." आणि बांध फुटलाच होता, म्हणून कोणी विचारलं नव्हतं तेही तिने सांगून टाकलं, "सकाळी सात वाजता."

डॉक्टरने खिशातून फोन काढला, तारीख टाकली, मग रिपोर्ट उघडला. बराच वेळ ती एकदा इकडे आणि एकदा तिकडे बघत होती. "पस्तीस आठवडे आणि दोन दिवस," ती शेवटी म्हणाली. "आणि रिपोर्टही पस्तिसाचाच. अगं, बाळ अगदी जिथल्या तिथे आहे. त्याला काहीही झालेलं नाही." ती हसायला लागली होती, पण हसू अर्ध्यावरच थांबलं. ती पलंगाच्या कडेला बसली. "उद्या मी हे बाळ बाहेर काढणार होते. इंजेक्शन न देता." पहिल्यांदाच ती थेट अस्मिताशी बोलत होती. "तू मला एकटीने एक फोन का नाही केलास?"

"केला होता, दोनदा. रिसेप्शनवर म्हणाले, बाईंना निरोप देतो. म्हणून ठेवून दिला."

डॉक्टरने मान खाली घातली. मग तिने मांडीवरचा संमतीचा कागद उचलला, दोनदा फाडला आणि उठली. सिझर नाही. पट्टे बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्याची वाट बघायची. एवढं सांगून, बाईंच्या नजरेला नजर न देता, ती दार ओढून गेली.

वसुधाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्याच होत्या. त्यांना कॅलेंडर लागत नव्हतं.

"आवाहनाचा दिवस," त्या म्हणाल्या.

"हो."

"मुखवटा तूच आणलास आत."

"हो, आई."

"आणि पुरण?"

"तेही मीच वाटलं."

अस्मिताने दोन्ही हात पोटावर ठेवले. आता गौरीचं निघणार, प्रेमाताईंच्या सुनेचं निघणार, असं धरून ती बसली होती. वसुधाबाईंनी चष्मा काढला. त्याची घडी घातली.

"गौरीचं काय ते मी आणि गौर बघून घेऊ," त्या म्हणाल्या. "पण मी मुहूर्त काढला त्याचा. माझ्या हाताने पेन दिलं तुला. एका ठिपक्याच्या भरवशावर मी कच्चं पोर बाहेर काढायला निघाले होते, आणि तू गप्प?" मग त्या दाराकडे वळल्या. "मिहिर, तुला ठाऊक होतं?"

"मला?" मिहिर म्हणाला. "नाही गं. हे बायकांचं मला कसं ठाऊक असणार?"

तो किती सहज बोलला. अस्मिताला राग यायला हवा होता, पण त्याआधी कंटाळा आला. गेले नऊ महिने ती एकटीच ते खोटं पोटाशी वागवत होती. आता हे दुसरंही तिनेच सांभाळायचं, मिहिरच्या वाटचं, म्हणजे पुन्हा कोणीतरी विचारलं की गप्प बसायचं. आणि उद्या बाळ मोठं झालं की तेही यांच्याकडून शिकणार.

"त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्यानेच सामान आणून दिलं. गप्प बस असंही त्यानेच सांगितलं."

मिहिरने मोबाईल खिशात ठेवला, पुन्हा बाहेर काढला. वसुधाबाई आळीपाळीने दोघांकडे बघत होत्या.

"दोघांनी मिळून," त्या हळूच म्हणाल्या. "एवढी भीती वाटते माझी?"

"तसं नाही गं, आई, काहीतरीच काय..." मिहिर सुरू झाला.

"वाटते," अस्मिता म्हणाली. "मला रोज वाटते."

वसुधाबाई स्टुलावर बसल्या. चौतीस वर्षं मुलं त्यांच्यासमोर उभी राहून थरथरली होती आणि तो आदर आहे असं त्या धरून चालल्या होत्या. आज पहिल्यांदाच कोणी तोंडावर सांगितलं होतं, तेही अशा पोरीने, जिच्यासाठी त्यांनी अंडी उकडली होती. त्यांचे डोळे भरून आले. रागाने की दुःखाने, ते अस्मिताला कळलं नाही, आणि विचारायची हिंमतही आता शिल्लक नव्हती.

मग त्या उठल्या. फाईल पिशवीत घातली, अस्मिताच्या चपला पायाने पलंगापाशी सरकवल्या आणि हात पुढे केला. "चल. हळू उतर," एवढंच म्हणाल्या. तो हात गार होता आणि पकड घट्ट. खाली जाईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. मिहिरने गाडी आणली. एरवी पुढे बसणाऱ्या वसुधाबाई आज मागे, अस्मिताच्या शेजारी बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाळाने पोटात एक मोठी लाथ मारली. त्याला जवळजवळ पाच आठवडे मिळाले होते. अस्मितालाही तेवढेच मिळाले होते, त्याच वन बीएचकेत, त्याच दोघांबरोबर, आणि आता तिला आडोसा घ्यायला एक खोटंसुद्धा उरलं नव्हतं.